डेमरेज : अर्थ, वापर आणि हिशेब (मालवाहतुकीत नव्याने येणाऱ्यांसाठी)

सावदा-रावेरची केळी, धरणगाव-जामनेरच्या जिनिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी, नंदुरबार आणि दोंडाईचाची मिरची हा माल खानदेशाबाहेर जातो, आणि खत, सिमेंट, यंत्रसामग्री बाहेरून खानदेशात येते. या दोन्ही प्रवासांच्या कागदांवर कोठे ना कोठे एक इंग्रजी शब्द हमखास भेटतो, आणि तो म्हणजे डेमरेज. शाळा-कॉलेजच्या इंग्रजीत हा शब्द येत नाही. शब्दकोश उघडला तर ‘विलंब शुल्क’ एवढे दोन शब्द हाती लागतात, आणि वीजबिल उशिरा भरल्यावर लागणारा आकारही विलंब शुल्कच असल्यामुळे नवखा माणूस तेथेच फसतो. हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था लावून देणाऱ्याच्या, कार्यालयात नुकतेच लागलेले कारकून, पहिल्यांदाच खताची रेक (एकत्र जोडलेल्या डब्यांची पूर्ण मालगाडी) हाताळणारे विक्रेते आणि केळी परदेशी पाठवण्याच्या विचारात असलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक यांना हा शब्द नेमका कळावा, बिलावर तो दिसला तर तपासता यावा आणि शक्य तेथे टाळता यावा, यासाठी ही माहिती क्रमाने दिली आहे.

पहिले काम : डेमरेज आणि डॅमेज वेगळे करा

मालधक्क्यावर हा शब्द ‘डेमरेज’, ‘डॅमरेज’, ‘डेमरेज चार्ज’ अशा अनेक रूपांत ऐकू येतो. मूळ इंग्रजी उच्चार ‘डिमरिज’च्या जवळ जातो, पण तसा उच्चार केला तर धक्क्यावर कोणाला कळणार नाही, म्हणून डेमरेज हेच रूप वापरावे. अडचण उच्चाराची नाही, ती ‘डॅमेज’ या शब्दाशी होणाऱ्या गोंधळाची आहे. डॅमेज म्हणजे मालाचे झालेले नुकसान, जसे की पोती भिजली, खोकी चेपली, गाठ फाटली. डेमरेज म्हणजे गाडी, डबा किंवा जहाज ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडवून ठेवल्याबद्दल द्यावा लागणारा आकार, मग माल अगदी सुस्थितीत का असेना. पैशाची दिशाही उलट आहे. डॅमेजचा दावा मालवाला करतो आणि वाहतूकदाराकडे पैसे मागतो, तर डेमरेज वाहतूकदार लावतो आणि ते मालवाल्याला भरावे लागते. पत्रात एका शब्दाच्या जागी दुसरा पडला तर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि मुदत मात्र वाहत राहते. रेल्वेकडे नुकसानभरपाई मागायची असेल तर माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत नोटीस द्यावी लागते, ही तरतूद रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १०६ मध्ये आहे. डेमरेजच्या माफीचा अर्ज हा पूर्णपणे वेगळा विषय असून त्याची मुदत कितीतरी लहान असते. त्याविषयी पुढे येईलच.

शब्दाचे कूळ लॅटिनमधल्या ‘मोरा’ या शब्दापर्यंत जाते. मोरा म्हणजे उशीर, खोळंबा. तेथून जुन्या फ्रेंचमध्ये ‘थांबणे, रेंगाळणे’ या अर्थाचे क्रियापद आले आणि त्यापासून डेमरेज झाला. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते लांबवण्याची मुभा दिली तेव्हा घराघरांत पोहोचलेला ‘मोरॅटोरियम’ हा शब्द याच कुळातला. आपल्याकडे याच अनुभवासाठी ‘खोटी’ हा जुना शब्द आहे. “भाऊ, गाडी खोटी हुई ऱ्हायनी,” असे ट्रकचालक अहिराणीत म्हणतो तेव्हा त्याला नेमके हेच सांगायचे असते की गाडी उभी आहे आणि तिच्या उभे राहण्याला किंमत आहे. त्या खोटीची रुपयांत केलेली आकारणी म्हणजे डेमरेज.

दुसरे काम : अडून काय राहिले आहे ते ओळखा

रेल्वे अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात डेमरेजची व्याख्या आहे. मोफत दिलेला वेळ संपल्यानंतर रेल्वेचा डबा, म्हणजे चाकांवरचे वाहन, अडवून ठेवल्याबद्दलचा आकार म्हणजे डेमरेज. त्याच कलमात ‘वारफेज’चीही व्याख्या आहे, आणि मोफत वेळ संपल्यावरही रेल्वेच्या जागेतून माल न उचलल्याबद्दलचा आकार म्हणजे वारफेज. वाचणाऱ्याने येथे थोडे थांबावे, कारण नवख्या माणसाच्या बहुतेक चुका या दोन व्याख्यांच्या सीमेवरच होतात. डबा अडला तर डेमरेज लागते आणि जागा अडली तर वारफेज लागते. रेल्वेच्या हिंदी कागदपत्रांत पहिल्याला ‘विलंब शुल्क’ आणि दुसऱ्याला ‘स्थान शुल्क’ म्हणतात. हे हिंदी शब्द लक्षात ठेवले तर फरक विसरत नाही.

लग्नासाठी गावच्या मंडळाकडून भांडी आणली तर ती दुसऱ्या दिवशी परत द्यावी लागतात, कारण पुढच्या घरी कार्य असते. डेमरेजमागचे तत्त्व तेच आहे. रेल्वेचा डबा खानदेशात अडकला की पुढच्या ठिकाणी कोळसा किंवा धान्य भरायला डबा मिळत नाही. भुसावळसारख्या जंक्शनवरून रात्रंदिवस मालगाड्या जातात, आणि एक रेक अडली की मागची गाडी आणि मालधक्क्याची रूळजागाही अडते. त्यामुळे डेमरेज हा रागाने केलेला दंड नाही. परक्याचे साधन आपण जास्त वेळ वापरले त्याची ती भरपाई आहे. ही भूमिका पटली तर अर्जातली भाषाही बदलते. ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे लिहिण्याऐवजी ‘हा वेळ आमच्यामुळे गेला नाही’ हे दाखवण्यावर भर येतो आणि अर्जाला वजन येते.

तिसरे काम : घड्याळ केव्हा सुरू झाले ते लिहून ठेवा

खताची रेक मालधक्क्यावर लागते तेव्हाच्या कामावर ही गोष्ट बारकाईने पाहता येते. गाडी स्टेशनात आली म्हणजे घड्याळ सुरू झाले असे नाही. उतराईच्या रुळावर डबे लावून ते मालवाल्याच्या हवाली केल्याची वेळ, ज्याला सगळे ‘प्लेसमेंट’ म्हणतात, ती मोजणीची सुरुवात असते. उतराई पूर्ण होऊन डबे रेल्वेला परत मिळाल्याची वेळ म्हणजे ‘रिलीज’. या दोन वेळांमधल्या अंतरातून फ्री टाइम, म्हणजे मोफत दिलेला वेळ, वजा केला की उरते ते डेमरेजचे तास. फ्री टाइम डब्याच्या प्रकारावर आणि उतराई हमालांनी होते की यंत्राने यावर ठरतो, आणि तो रेल्वेच्या परिपत्रकांनी वेळोवेळी बदलतो. त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर न जाता, रेक येण्याआधीच मुख्य माल पर्यवेक्षकाकडून चालू फ्री टाइम, चालू दर आणि त्या धक्क्याच्या कामाच्या वेळा या तिन्ही गोष्टी विचारून वहीत लिहाव्यात.

हिशेबाची रीत कळावी म्हणून काही आकडे धरून चालू. रेकमध्ये ५८ बंद डबे आहेत, फ्री टाइम ९ तास आहे आणि दर एका डब्याला तासामागे १५० रुपये आहे, असे समजा. प्लेसमेंट पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी झाली, तर फ्री टाइम दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी संपला. शेवटचा डबा सायंकाळी ५ वाजून ५५ मिनिटांनी रिकामा झाला. जास्तीचा वेळ सव्वातीन तास, पण तासाचा भाग हा पूर्ण तास धरण्याची पद्धत असल्यामुळे आकारणी चार तासांची होते. ५८ डबे, १५० रुपये आणि ४ तास यांचा गुणाकार ३४,८०० रुपये होतो. हेच काम १५ मिनिटे आधी, म्हणजे ५ वाजून ४० मिनिटांच्या आत संपले असते तर तीन तासांचे २६,१०० रुपये लागले असते. शेवटच्या पाव तासाची किंमत ८,७०० रुपये. म्हणून जाणता हुंडेकरी घड्याळाकडे सतत पाहत नाही, पण तास पलटायच्या आधीची वीस मिनिटे मात्र तो धक्का सोडत नाही.

या हिशेबातली आणखी एक गोष्ट नवख्यांना खटकते. एकत्र लावलेल्या रेकमधले ५५ डबे वेळेत रिकामे झाले आणि तीनच मागे राहिले, तरी आकारणी त्या तीन डब्यांपुरती राहत नाही. रेक हा एकच गट मानला जात असल्याने शेवटचा डबा सुटेपर्यंत सगळ्या गटाचे घड्याळ चालू राहते. याचा व्यवहारातला अर्थ असा की हमालांच्या टोळ्या डब्यांवर सारख्या वाटणे पुरेसे नाही. जो डबा अवघड आहे, म्हणजे ज्याचे दार अडकले आहे किंवा ज्यातली थप्पी प्रवासात ढासळली आहे, तो आधी उघडून पाहावा आणि तेथे जादा माणसे लावावीत. मुकादमाशी बोलताना ‘किती डबे झाले’ यापेक्षा ‘कोणता डबा मागे पडतोय’ हा प्रश्न उपयोगाचा आहे.

माणसांचा अंदाजही आधी करावा. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे. रेकमध्ये अडीच हजार टन माल धरला तरी पंचावन्न हजारांवर पोती होतात, आणि ती काही तासांत पाठीवरून खाली यायची असतात. ऐन खरिपात, पाऊस अंगावर असताना, शेजारच्या धक्क्यावरही रेक लागलेली असेल तर ऐनवेळी माणसे मिळत नाहीत. रेक कोठवर आली याची माहिती रोज घेऊन माथाडी टोळीला आदल्या दिवशी निरोप देणे, हमाली आणि वाराईचे दर आधीच बोलून ठेवणे आणि ताडपत्र्या हाताशी ठेवणे ही कामे डेमरेज लागण्यापूर्वीची आहेत.

चौथे काम : एका घड्याळातून सुटून दुसऱ्यात अडकू नका

डेमरेज वाचवण्यासाठी माल भराभर धक्क्यावर उतरवला, पण टेम्पो आणि ट्रक आले नाहीत, तर वारफेजचे घड्याळ चालू होते. त्यालाही फ्री टाइम असतो आणि तो संपल्यावर आकारणी सुरू होते. तरीही निवड करायची वेळ आली तर आधी डबे मोकळे करावेत असे माझे मत आहे, कारण धक्क्यावर थप्पी लागली की ट्रक जसे येतील तसे भरता येतात. डब्यात माल असताना मात्र हमालाचा वेग हीच मर्यादा राहते.

धक्क्यावर पडलेल्या मालाच्या जोखमीबद्दलही स्पष्ट कल्पना हवी. रेल्वे अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे प्रवास संपल्यानंतर सात दिवसांपर्यंत रेल्वेवर मालाची मर्यादित जबाबदारी असते, मात्र नाशवंत मालाच्या बाबतीत प्रवास संपल्यानंतर ती राहत नाही. आणि रेल्वेची ही जबाबदारी चालू असली तरी डेमरेज किंवा वारफेज भरण्यातून मालवाला सुटत नाही, हेही त्याच कलमात सांगितले आहे. पुढे कलम ८३ प्रमाणे थकलेल्या रकमेसाठी रेल्वेला माल अडवून ठेवता येतो आणि कलम ८४ प्रमाणे नाशवंत माल वेळेत उचलला गेला नाही तर तो विकताही येतो.

केळीच्या बाबतीत ही तरतूद नुसती कागदावरची नाही. उतराईच्या टोकाला, दिल्लीसारख्या ठिकाणी, गाडी उशिरा पोहोचली आणि माल उचलायला व्यापाऱ्याने वेळ लावला, तर आकारणीचे पैसे हा लहान प्रश्न असतो. बंद डब्यात केळी पिकू लागते, पिकताना स्वतःच उष्णता सोडते, आणि एका खोक्यातल्या पिकलेल्या फण्या शेजारच्या खोक्यांनाही पिकवतात. म्हणून केळीच्या सौद्यात ‘डेमरेज कोणाचे’ हे ठरवतानाच ‘उतराईच्या उशिरामुळे माल खराब झाला तर तो कोणाचा’ हेही ठरवावे लागते. बहुतेक तोंडी सौद्यांत पहिले ठरते आणि दुसरे राहून जाते.

पाचवे काम : कंटेनरच्या बिलावरचे तीन वेगळे आकार ओळखा

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आखाती देशांकडे जाणारी केळी शीत कंटेनरमधून, साधारण १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमानात, न्हावा शेवा बंदरातून रवाना होते. येथे डेमरेज या शब्दाचा संसार अधिक गुंतागुंतीचा होतो. कंटेनर जहाज कंपनीचा असतो, जागा बंदराची किंवा बंदराबाहेरच्या मालतळाची असते आणि ट्रक तिसऱ्याचाच असतो. तिघांनाही आपापल्या साधनाच्या अडकण्याचे पैसे हवे असतात.

जहाज कंपन्यांच्या नेहमीच्या व्यवहारात भरलेला कंटेनर बंदराच्या आत जास्त दिवस राहिला तर लागतो तो आकार डेमरेज, आणि कंटेनर बंदराबाहेर, म्हणजे तुमच्या पॅकहाउसवर किंवा गोदामात, जास्त दिवस राहिला तर लागतो तो डिटेन्शन. काही कंपन्या दोन्ही एकत्र करून एकच मुदत देतात. याखेरीज जागेचे भाडे म्हणून ग्राउंड रेंट लागते आणि शीत कंटेनर असेल तर वीज जोडणीचा आकार वेगळा. आयात करणाऱ्याला, उदाहरणार्थ जिनिंग किंवा ठिबकच्या कारखान्यासाठी यंत्र मागवणाऱ्याला, डेमरेज, डिटेन्शन आणि ग्राउंड रेंट हे तिन्ही एकदम भेटू शकतात. येथे मोजणी बहुधा तासांत नसून दिवसांत असते आणि दर टप्प्याटप्प्याने चढत जातो. पहिल्या काही दिवसांचा दर पाहून ‘एवढे परवडते’ असे म्हणणारा आठवड्याने गळ्यापर्यंत अडकतो.

म्हणून बुकिंग करतानाच फ्री दिवस किती आणि ते कोणत्या घटनेपासून मोजायचे हे लेखी घ्यावे. रिकामा कंटेनर उचलल्यापासून, जहाजातून उतरल्यापासून की बंदराच्या फाटकातून आत गेल्यापासून, यावर दोन-तीन दिवसांचा फरक सहज पडतो. रावेरहून बंदरापर्यंतचा रस्ता, मधला घाट आणि फाटकावरची रांग हे सगळे धरून काढणीचा दिवस ठरवला तरच ते दिवस पुरतात. बागेत मजूर आहेत म्हणून काढणी केली आणि मग कंटेनर शोधायला लागलो, हा क्रम निर्यातीत चालत नाही.

सीमाशुल्क विभागाने माल तपासणीसाठी अडवला तर काय, हा प्रश्न हमखास विचारला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण विरुद्ध ग्रँड स्लॅम इंटरनॅशनल या प्रकरणात असे ठरवले की सीमाशुल्क विभागाने माल अडवला आणि तो अडवणे नंतर चुकीचे ठरले, तरी माल सांभाळणाऱ्या संस्थेचा डेमरेजचा हक्क त्यामुळे आपोआप संपत नाही. पुढे २००९ च्या सीमाशुल्क क्षेत्रातील माल हाताळणी नियमांत, इतर कायद्यांच्या अधीन राहून, विभागाने जप्त केलेल्या किंवा अडवलेल्या मालावर भाडे वा डेमरेज घेऊ नये अशी तरतूद आली. त्यामुळे अशा वेळी सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून माल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत अडवला याचे प्रमाणपत्र मागून घेणे हे पहिले काम. जहाज कंपनीचे डिटेन्शन मात्र त्यानेच सुटेल असे धरून चालू नये.

पूर्ण जहाज भाड्याने घेण्याचा प्रसंग खानदेशातल्या वाचकावर क्वचितच येईल, पण हा शब्द तेथूनच आला असल्यामुळे दोन ओळी पुरेत. जहाजाच्या करारात भरण्या-उतरवण्यासाठी ठरलेल्या वेळेला ‘लेटाइम’ म्हणतात. तो ओलांडला की डेमरेज सुरू होते, आणि एकदा ते सुरू झाले की मधले रविवार, सुट्ट्या किंवा पाऊस, ज्यांना एरवी सवलत मिळते, तेही बहुधा मोजले जातात. उलट, काम वेळेआधी संपवले तर काही करारांत जहाजमालक बक्षीस देतो. त्याला ‘डिस्पॅच’ म्हणतात आणि ते साधारणपणे डेमरेजच्या दराच्या निम्मे असते.

सहावे काम : रस्त्यावरच्या गाडीची खोटी

ट्रकच्या व्यवहारात डेमरेज हा शब्द कमी आणि ‘हॉल्टिंग’ जास्त चालतो. कापूस खरेदी केंद्राबाहेर किंवा जिनिंगच्या फाटकावर भाड्याची गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी भाड्यावरून वाद होतो, आणि तो वाद मिटत नाही कारण गाडी केव्हा पोहोचली हेच कोणी लिहिलेले नसते. गाडी पोहोचल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या माल पावतीवर, लिहून, घेणाऱ्याची सही आणि शिक्का घेण्याची सवय लावावी. शेतकऱ्याने गाडी ठरवताना ‘किती तास फुकट थांबणार, पुढे रात्रीचे किती’ हे बोलून ठेवावे. एवढे केले तरी अर्धे भांडण संपते.

शब्द वाक्यात कसा वापरावा

मराठीत या शब्दाला जोडून येणारी क्रियापदे ठरलेली आहेत. डेमरेज ‘लागते’, ‘बसते’ किंवा ‘चढते’, आणि आपण ते ‘भरतो’ किंवा ‘माफ करून घेतो’. ‘रेकवर चार तासांचे डेमरेज बसले’, ‘कंटेनरवर डेमरेज चढत चालले आहे’ ही वाक्ये धक्क्यावर आणि पत्रात दोन्हीकडे चालतात. सरकारी मराठी पत्रात विलंब शुल्क लिहायचे असेल तर पहिल्या उल्लेखात ‘डब्यांवरील विलंब शुल्क, म्हणजे डेमरेज’ असे लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला वीजबिल आठवणार नाही. इंग्रजी पत्रात जहाजाबद्दल ‘ऑन डेमरेज’ असे आढळले तर त्याचा अर्थ मोफत वेळ संपून आकारणी चालू झाली आहे, असा घ्यावा. इंग्रजीत ‘डिमर’ असे एक क्रियापदही आहे. त्याचा अर्थ आढेवेढे घेणे, हरकत घेणे असा होतो. ते याच मुळाचे असले तरी मालवाहतुकीशी त्याचा संबंध नाही.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द भेटला तर गोंधळू नये. सिल्व्हिओ गेझेल या विचारवंताने पैसा पडून राहिला तर त्यावरही आकार लागावा, म्हणजे लोक तो फिरवत ठेवतील, अशी कल्पना मांडली होती. ऑस्ट्रियातल्या वर्गल या गावाने १९३२ मध्ये मंदीच्या काळात तसे स्थानिक चलन काढले. त्या नोटेवर दर महिन्याला एक टक्का किमतीचे तिकीट चिकटवावे लागे. पुढे मध्यवर्ती बँकेने तो प्रयोग बंद पाडला. त्या आकारालाही डेमरेजच म्हणतात.

शेवटचे काम : माफीचा अर्ज

रेल्वेचे डेमरेज माफ होऊ शकते, पण तो हक्क नाही. अधिकाऱ्याने कारणे तपासून, आपल्या अधिकाराच्या मर्यादेत, पूर्ण किंवा काही भाग माफ करायचा असतो. अर्जाची मुदत महिन्यांत नव्हे, मोजक्या दिवसांत असते, म्हणून रेक सुटली त्याच दिवशी मुदतीची तारीख विचारून अर्जाचा मसुदा करावा. २०२० च्या टाळेबंदीत रेल्वेने काही काळ डेमरेज आणि वारफेज लावले नव्हते, ते सरसकट आदेशाने. एरवी प्रत्येक प्रकरण स्वतंत्र असते.

अर्जात रेल्वे पावतीचा क्रमांक, डब्यांची संख्या, प्लेसमेंट आणि रिलीजची वेळ, आकारलेले तास आणि रक्कम ही माहिती पहिल्या परिच्छेदातच यावी. त्यानंतर कारण तासांनिशी लिहावे. ‘पावसामुळे उशीर झाला’ या वाक्याचा उपयोग होत नाही. ‘दुपारी १२ ते ३ मुसळधार पाऊस असल्याने खताची पोती भिजू नयेत म्हणून उतराई बंद होती, त्याची नोंद मालधक्क्याच्या वहीत आहे’ या वाक्याचा होतो. धक्क्यावरची वीज गेली, रस्ता पाण्याखाली गेला, एकामागून एक दोन रेक लागल्या, डब्याचे दार उघडेना म्हणून रेल्वेच्या माणसाची वाट पाहावी लागली, ही कारणे नोंद असेल तर विचारात घेतली जातात. हमाल आले नाहीत, ट्रक मिळाले नाहीत, गोदाम भरलेले होते, ही कारणे मालवाल्याच्या स्वतःच्या व्यवस्थेतली मानली जातात आणि बहुधा टिकत नाहीत.

ज्या कारणाची नोंद त्याच वेळी झाली नाही ते कारण नंतर सिद्ध करणे फार जड जाते. म्हणून पाऊस सुरू झाला किंवा वीज गेली की माल पर्यवेक्षकाला तेव्हाच लेखी कळवून पोच घ्यावी, मोबाइलवर वेळेसह फोटो काढावेत. अर्ज नामंजूर झाला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, त्यालाही मुदत असते. अपिलात नवी कारणे घालण्यापेक्षा पहिल्या अर्जातल्या कोणत्या पुराव्याचा विचार झाला नाही हे दाखवावे.

खत कंपनी आणि हुंडेकरी, किंवा उत्पादक कंपनी आणि निर्यातदार, यांच्यातल्या करारात डेमरेज कोणी सोसायचे याचे एक कलम असतेच. ते बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत आणि ‘सर्व डेमरेज दुसऱ्या पक्षाकडे राहील’ अशा एका ओळीचे असते. सही करण्यापूर्वी त्या ओळीत ‘दुसऱ्या पक्षाच्या कारणाने झालेले’ हे शब्द घालून घ्यावेत, आणि माफ होऊन आलेली रक्कम कोणाला मिळेल हेही त्याखाली लिहून घ्यावे.